चौथ्या इंजिनाची नोंद

माझ्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण गॅरेजात मला सगळे वहीबाई म्हणतात. तेही तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम सोपं आहे. शर्यतींच्या हंगामात प्रत्येक चालकाला तीन इंजिनं. चौथं वापरलं, की त्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुरुवात. आता 'वापरलं' म्हणजे काय, यावर नियमावलीत दीड पान खर्ची घातलं आहे. गॅरेजांसमोरच्या गल्लीच्या टोकाला एक पिवळी रेषा असते. गाडीने ती ओलांडली, की तिच्यातलं इंजिन वापरलं गेलं. मग ती पुढे शंभर फेऱ्या मारो, नाहीतर चार फुटांवर बंद पडो. कोणतं इंजिन किती किलोमीटर पळालं, कितीदा तापलं, कुणी उघडलं, हे सगळं मी वहीत लिहिते. संगणकातही असतं, पण संगणकाला लोक घाबरत नाहीत.

बारा वर्षांत माझ्या वहीत एक खाडाखोड नाही. मालकाच्या भाच्याला आवाज ऐकवायचा म्हणून हेडमिस्त्रीने एकदा इंजिन सुरू केलं होतं, तर मी त्याच्याकडून लेखी माफी घेतली आणि ती वहीला टाचून ठेवली. त्याला ते फार लागलं. लागू दे.

आमचा चालक एकोणचाळीस वर्षांचा, म्हणून त्याचं नाव म्हातारबा. आजवर चार वेळा दुसरा आला आहे. पुढच्या वर्षी त्याच्या जागी कोण बसणार हे ठरलंय, आणि ते त्यालाही ठाऊक आहे. यंदा एकच शर्यत उरली होती आणि तो तीन गुणांनी पुढे होता. त्याचं पहिलं इंजिन फुटलं होतं, दुसरं तेल पीत होतं, तिसरं धड होतं. त्या तिसऱ्याची मी रोज जेवढी विचारपूस करायचे, तेवढी सख्ख्या भावाचीही करत नाही.

शर्यतीआधीच्या गुरुवारी आई आली. वय अठ्ठ्याहत्तर. मी नेमकं काय करते हे तिला बारा वर्षांत कळलेलं नाही. 'गाड्यांची हजेरी घेते' असं ती शेजारीपाजारी सांगते. त्या दिवशी ट्रॅक रिकामा होता. मिस्त्रीने पुढच्या वर्षीसाठी आलेलं कोरं इंजिन गाडीत चढवून ठेवलं होतं, जोडण्या जुळतात का ते बघायला. संध्याकाळी ते उतरवून तिसरं परत बसवायचं होतं. आई गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाली, "बसू का गं?"

"नको."

"बसा की, आजी," मिस्त्री म्हणाला. माझा शब्द खाली पाडायची एकही संधी तो सोडत नाही.

चौघांनी धरून तिला आत बसवलं. पाठीशी माझं जाकीट घडी करून ठेवलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं. आईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि समोर बघत राहिली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मी फोन काढला, पण तिच्या तोंडावर सावली येत होती.

"जरा पुढे घ्या," मी म्हणाले. चौघांनी ढकललं. "अजून थोडी. आणखी. आई, डावीकडे वळव जरा."

आईने वळवली. ऊन बरोबर तोंडावर आलं आणि फोटो झकास निघाला.

अर्ध्या तासाने भावाला पाठवण्याआधी मी तो मोठा करून बघितला, आईचं हसू नीट दिसावं म्हणून. हसू दिसलं. मागच्या चाकामागे पिवळी रेषाही दिसली. अख्खी गाडी रेषेपलीकडे होती. ज्या रेषेवरून मी बारा वर्षं सगळ्यांना धारेवर धरलं, ती ओलांडायला लावणारी मीच.

मिस्त्रीने फोटो बघितला आणि आजूबाजूला नजर टाकली. "पुसून टाका. गुरुवारी वेळ मोजणारी यंत्रं बंद असतात. कोणी बघितलंय?"

"मी."

"तुम्ही म्हणजे कोणी नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझा माफीनामा फाडा, मी जन्मात तोंड उघडणार नाही."

खोटं कशाला बोलू, माझा अंगठा फोटोवर गेला होता. पण मग मी कुठल्या तोंडाने वही उघडणार होते? मी उठले आणि म्हातारबाला जाऊन सांगितलं. तो मालिश करून घेऊन नुकताच आला होता आणि हेल्मेट पुसत होता.

"मागून सुरुवात?" त्याने विचारलं.

"हो."

"या ट्रॅकवर मागून कुणी पहिल्या दहात तरी आलंय?"

"नाही." मला आकडे पाठ असतात.

त्याने हेल्मेट फळीवर ठेवलं, अगदी हळू. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "न सांगता लिहून मोकळी झाली असतीस," तो म्हणाला, "तर तुला शिव्या तरी देता आल्या असत्या."

मी वही उघडली. चौथं इंजिन. अंतर अकरा मीटर. इंजिन बंद. ढकलणारे चार. 'चालक' या रकान्याशी पेन सवयीने म्हातारबाच्या नावाकडे वळलं आणि थांबलं. तो तर तेव्हा मालिश करून घेत होता. वाटोळं करायचं तर निदान खरं लिहून करावं, म्हणून मी तिथे आईचं नाव लिहिलं.

नियम बघणारा निरीक्षक हा हसणं नियमात बसत नाही असं मानणारा गृहस्थ. त्याने नोंद दोनदा वाचली. "ही कोण?"

"आई."

"कोणाची?"

"माझी."

त्याने नियमावली काढली आणि ओळीखाली बोट फिरवत वाचलं, "रेषा ओलांडताना जो गाडी चालवत असेल, त्याच्या नावावर इंजिन मोजावं." मग माझ्याकडे बघितलं. "त्या चालवत होत्या, की नुसत्या बसल्या होत्या? नुसत्या बसल्या असतील, तर ते तुमच्या चालकाच्या नावावर जाईल."

"तिलाच विचारा," मी म्हणाले.

आई आली, पर्स मांडीवर घेऊन ऐसपैस बसली. "गाडी कोण चालवत होतं?" निरीक्षकाने विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं. माझं काम तिला कधी कळलं नाही, पण माझा चेहरा तिला वाचता येतो.

"मीच," ती म्हणाली. "ही म्हणाली वळव, मी वळवली. ढकलणाऱ्याला काय चालक म्हणतात का?"

"शर्यतीचा परवाना आहे?"

"शिलाई मशीन चालवते मी. त्याला कोणी मागितला नाही."

"विनापरवाना चालवल्याबद्दल दोन हंगामांची बंदी," निरीक्षकाने लिहिता लिहिता सांगितलं. "इंजिन तुमच्या नावावर, पहिलं."

"चालेल," म्हणत आईने सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

रविवारी म्हातारबा तिसऱ्या इंजिनावर पुढच्या रांगेतून सुटला. शेवटच्या पाच फेऱ्या ते धूर सोडत होतं. तो चौथा आला आणि एका गुणाने सगळ्या हंगामात पहिला ठरला. हेल्मेट न काढताच रडत बसला. मीही रडले, आणि मिस्त्रीने ते बघितलं. आता वर्षभर ऐकावं लागेल.

बंदीचा कागद आईने चौकट करून टीव्हीवर टांगलाय. परवा तिचा फोन आला. "बंदी उठेल तेव्हा मी ऐंशीची असेन गं," ती म्हणाली. "प्रत्येकाला तीन म्हणालीस ना? म्हणजे माझी दोन राहिली."

"राहिली."

"मग तसं लिहून ठेव. आणि कुणाला देऊ नकोस."

मी नवं पान काढलं, वर आईचं नाव लिहिलं आणि खाली नोंद केली. वापरलेली, एक. शिल्लक, दोन. खाडाखोड नाही.