हाकारा

"होऽऽ हायऽऽ होऽऽ!"

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी राही पाण्याला निघाली, तर वरच्या कातळाच्या सड्यावरून, आंब्याच्या कलमांतून हा आवाज आला. खाली मांडवी गावच्या किनाऱ्यावरचे बगळेसुद्धा उठले असतील, असा भरदार. राही दचकून थांबली. नणंद हसली, "चल गो, दादा वानरं हाकलतोय. तुला नाय बोलवीत!"

तो आवाज घेऊन राहीचा नवरा सदू मुंबईला गिरणीत गेला, नि कैक वर्षांनी खोकला घेऊन परत आला.

शहरातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "क्षय आहे. औषध म्हणावं असं माझ्याकडं काही नाही. उघडी हवा, दूध, अंडी, आणि वर्षभर विसावा. एवढं झालं तर आशा आहे. घाटावर मोठा दवाखाना आहे खरा, पण..." राहीच्या गळ्यातल्या नुसत्या काळ्या मण्यांकडं नजर गेली, नि त्यांनी पुढचं बोलणं सोडून दिलं.

हवा फुकट, पण ती घ्यायला जागा नको? घरात चुलीचा धूर, नि चुलत्याच्या पोरांची दाटी. राही यमुनाबाईंकडं गेली. कलमांची बाग त्यांची, नि बागेत राखणदाराची खोप रिकामी होती.

"गिरणीची हवा सोसली नाय त्यांना, आक्का," एवढंच ती बोलली.

"ये की. भात देईन, एक दुभती शेळीही ने. पण दिवेलागणीला वटवाघळं येतात, आता पेरूंवर, पुढं आंब्यांवर. सदूचा हाकारा मला पडवीत ऐकू आला पाहिजे हो!"

पहिल्या संध्याकाळी सदू उभा राहिला. हाक अर्ध्यावर तुटली, नि त्यानं तोंडाला धरलेलं फडकं लाल झालं.

दुसऱ्या संध्याकाळी राहीनं पदर खोचला, नि जाड्या आवाजात हाळी दिली.

खोपीतून सदू म्हणाला, "रेडा अडकलाय गो कुठं तरी."

"मंग वटवाघळांना काय कोकिळा पायजे?"

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. "गळ्यातनं नको. बेंबीपासनं काढ. नि शेवटाला सोड, सोड म्हंजे वारा नेतो."

वाऱ्यानं नेली. खालून यमुनाबाईंचा निरोप आला, हाकारा छान येतोय म्हणून.

दिवस असे सरत गेले. सदूची ताट-वाटी वेगळी. थुंकी राखेत घ्यायची, नि लांब पुरायची. दुपारी तो पानांच्या सावलीत समुद्राकडं तोंड करून पडायचा. शेळीची धार काढताना राही आपल्याशीच गुणगुणायची:

सड्याच्या वाऱ्या राजा, ये रे झुळझुळ,
धन्याच्या छातीमंदी भर थोडं बळ.

आंबा पाडाला आला तोवर सदू विहिरीपर्यंत आपला आपण जाऊ लागला होता. गालावर थोडं मांस दिसत होतं. आणखी थोडे महिने, मग वर्ष भरलं असतं.

तोडीच्या आदल्या दिवशी यमुनाबाई वर आल्या. बरोबर लेक मथुरा, कडेवर तान्हं.

"उद्यापासून तोड, राही. मथुराही इथंच असेल माझ्या हाताशी. पाळणा खोपीतच बांधू, सावली गार आहे. सदू, अरे आवाज काय रे तुझा! मांडवीत तू नसताना चुकल्यासारखं व्हायचं बघ. मथे, दे पोर त्याच्या मांडीवर, वानरं कशी हाकलायची ते शिकेल!"

मथुरा हसत वाकून खोपीत शिरू लागली. सदू फडकं तोंडावर धरून मागच्या कुडाला टेकला. तो राहीकडं बघत होता.

तान्ह्यानं मूठ उघडली, नि त्याच्याकडं हात केला.

राहीला खोप दिसली, शेळी दिसली, विहिरीपर्यंत चालत गेलेला सदू दिसला. गप्प बसलं तर हे सगळं राहत होतं. ती दारात आडवी उभी राहिली.

"थांबा, मथुराताई. पोर आत नका नेऊ." तिनं आवाज बेंबीपासून काढला. "आक्का, ह्यांना क्षय हाय. नि रोज पडवीत बसून तुमी ऐकताव ना, तो हाकारा ह्यांचा नाय. माजा हाय."