रावणाची उरलेली नऊ डोकी

“एकशे बेचाळीस ग्रॅम.” तिने काट्यावरून पाचवं डोकं उचललं. “याहून पातळ केलं तर फुंकर मारली तरी उडेल.”

“उडू दे. पण माझ्या डोक्यालाच बांध,” नवरा आरशासमोर मिशी चिकटवत म्हणाला.

नाटक कंपनीत तो रावण आणि ती रावणाची डोकी करणारी, अशी दोघांची बावीस वर्षं गेली होती. रावणाची अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. स्वतःचं डोकं वगळलं की नऊ उरतात आणि नऊचे दोन सारखे भाग होत नाहीत. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. म्हणून चारच्या टोकाला ती शिशाचा तुकडा दडवायची. तोल साधायचा, वजन मात्र वाढायचं. ते सगळं त्याच्या मानेने सोसलं होतं. गेल्या महिन्यात डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, मानेवर आता काहीही नको.

आठवडाभर खपून तिने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा केला. डोक्यांचा भार आता कमरेवर येणार होता. मॅनेजरने बजावलं होतं, “दुपारच्या खेळात जमलं तर ठीक. नाहीतर संध्याकाळपासून विभीषणाला रावण करतो.”

“शेवटी लंका त्यालाच मिळायची,” नवरा हसला. हसताना मान हलू दिली नाही.

सांगाड्यातली खोट सकाळच्या तालमीत कळली. त्याने सीतेकडे वळून पाहिलं आणि नऊ डोकी समोरच बघत राहिली. पडदा ओढणारे पोट धरून हसले.

“नऊजण प्रेक्षकांकडे आणि मी एकटाच सीतेकडे! काढ हे. एका खेळाने मानेला काय होतंय?”

“दहा डोकी आहेत, पण एकातही शिरत नाही.” तिने चहाचा भरलेला कप पुढे केला. “डाव्या हाताने धरा बघू.”

कप ओठांपर्यंत पोचलाच नाही. तो तिने हातातून काढून घेतला. त्याने तिच्याकडे पाठ केली. तिने सांगाड्याचा कमरपट्टा आवळला.

दुपारी पहिल्यांदा त्याची मान वळली, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मंदोदरी आली. सीतेला परत पाठवा म्हणून विनवू लागली. एरवी तो तिचं वाक्य तोडायचा. आज थांबला. सावकाश वळून तिच्याकडे पाहू लागला. नऊ चेहरे समोर, ताठ. एकटाच ऐकत होता. सभागृहात खुर्चीसुद्धा वाजली नाही.

शेवटच्या अंकात मात्र डाव्या हातातून धनुष्य निसटलं. प्रेक्षकांना वाटलं, ते तसंच असणार.

“कमाल केलीत! संध्याकाळी हेच,” मॅनेजर रंगपटात येऊन म्हणाला. तो गेल्यावर नवऱ्याने डावी मूठ मिटून पाहिली. मिटली नाही.

“विभीषणाला बोलाव.”

“अहो, जरा पडा. मग बघू.”

“अगं, बोलाव.”

विभीषण आला, दारातच घुटमळला. त्याची कंबर बारीक होती. तिने पट्टा दोन भोकं आत घेतला. नवऱ्याने उजव्या हाताने त्याची हनुवटी धरली.

“डोकी हिच्यावर सोड. तू मंदोदरीकडे बघ.”

विभीषणाने मान वळवली.

“घाई नको. अजून सावकाश,” नवरा म्हणाला आणि मान दुखायला लागेल तिथपर्यंत स्वतःही त्याच्याबरोबर वळत गेला.