नवाबाच्या जागी

केस कापून झाले, अंगावरचं कापड काढलं, मागे आरसा धरून मानही दाखवली, तरी मास्तर खुर्चीतून उठेनात. मान खाली घालून बसूनच राहिले.

"झालं मास्तर," न्हावी म्हणाला.

"झालं? आणि ते?"

"ते म्हणजे?"

"अहो, टॉवेलचा फटका! नवाब शेवटी मानेवर फाट्‌दिशी टॉवेल मारायचा, मग आम्ही उठायचो. सवय हो, दुसरं काय!"

"मी नाही मारत," न्हावी म्हणाला आणि उगाचच कंगव्यातले केस काढत बसला. मास्तर उठले खरे, पण भरल्या ताटावरून उठवल्यासारखं तोंड करून.

नवाब म्हणजे कोणी खराखुरा नवाब नव्हे. या दुकानाचा आधीचा मालक. लहानपणी उन्हं वर येईपर्यंत लोळत पडायचा, म्हणून बाप विचारायचा, "उठले का नवाबसाहेब?" झालं, तेच चिकटलं. खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं. बापामागे त्याने दुकान चालवायला घेतलं, तेव्हा लोक या कोपऱ्याला नवाबाचा कोपरा म्हणू लागले. समोरच्या बसथांब्यावर कंडक्टर अजूनही ओरडत, "नवाब, नवाब, चला उतरा!" माणूस साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, नाव मात्र जागचं हललं नाही. दुकान बंद होतं त्या काळात एक बोका मागच्या खिडकीतून येऊन त्याच्या खुर्चीत झोपू लागला. त्याचंही नाव नवाबच पडलं.

पुढे नवाबाच्या बायकोने दुसरं लग्न केलं आणि हा न्हावी दुकानात आला. हाताला सफाई होती, स्वभावाने सरळ होता. पण लोकांनी त्याला काही नाव दिलं नाही. 'दुसरा' म्हणत, तेही पाठीमागे.

त्याने सगळं करून पाहिलं. नवी पाटी लावली, भिंती रंगवल्या. पत्ता सांगताना 'दवाखान्यासमोरचं सलून' असं ठासून सांगू लागला. ऐकणारा जरा विचार करून म्हणायचा, "म्हणजे नवाबाचं ना?" आता मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तो समोर येईल तर ना!

हेही त्याने गिळलं असतं. पण वरच्या खोलीत बायको शिलाई मशीनवर बसायची आणि दुपारी दुधाची वाटी ठेवून हाक मारायची, "नवाब... ये रे, ये माझ्या सोन्या." जिन्यावरून ती हाक खाली दुकानात यायची. इतका मऊ आवाज तिने त्याच्यासाठी कधी काढला नव्हता. त्याला ती 'अहो' म्हणे, वेळेवर वाढे, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लावून ठेवी. तक्रारीला जागा म्हणून नव्हती, आणि नेमकं तेच त्याला सलत होतं. बोक्यावर जळणारा जगातला आपण पहिलाच नवरा असू, असं मनात येऊन त्याला स्वतःची लाज वाटे. जळणं काही थांबत नसे.

"त्या बोक्याचं नाव बदल," एकदा जेवताना तो म्हणाला.

"मी कुठे ठेवलंय? गिऱ्हाइकांनी ठेवलं."

"हाक तर तू मारतेस."

"दुसऱ्या नावाने येत नाही तो." तिने त्याला भाजी वाढली. "मास्तर रागावलेत म्हणे. मारा की एकदा टॉवेल. त्यात तुमचं काय जातंय?"

काय जातंय ते तिला कसं सांगणार!

पुढच्या खेपेला मास्तर आले आणि पुन्हा मान खाली घालून बसून राहिले. बाकावरच्या दोघांनी पेपर खाली करून पाहिलं. न्हाव्याच्या डोक्यात तिडीक गेली. हवाय ना फटका? घ्या! त्याने टॉवेलला पीळ दिला आणि मास्तरांच्या मानेवर सणसणीत ओढला.

बाकावरचे दोघे अर्धवट उठले. मग मास्तर मान चोळत मोठ्याने हसले.

"वा रे पठ्ठ्या! बसलास की गादीवर!"

"आता पुढचा नंबर माझा हं, नवाब," बाकावरून एक जण म्हणाला.

खरं तर त्याला राग यायला हवा होता. उलट छाती फुगली. हरलास की नाही लेका, तो मनातल्या मनात त्या मेलेल्याला म्हणाला. गल्ली आपली झाली, खुर्ची आपली झाली. आता वर गेल्यावर तिने एकदा, फक्त एकदा, त्या आवाजात आपल्याला हाक मारली की झालं. मग आपलं कोणाशी भांडण नाही.

मास्तर गेल्यावर कापड झटकायला तो रस्त्यावर आला. पलीकडे थांब्यावर पोचलेले मास्तर खिसे चाचपत होते.

"नवाब! ओ नवाब! चष्मा राहिला माझा आत!"

"ओ! आणतो, आणतो!" तो आनंदाने ओरडला.

हे नाव त्या रस्त्यावर दिवसभर कोणी ना कोणी घेतच असे. त्याला कोणी ओ दिलेली मात्र बऱ्याच काळात ऐकू आली नव्हती.

वरची खिडकी धाडकन उघडली. ती कमरेपर्यंत बाहेर वाकली होती, दातांत दोरा तसाच. इतका उजळलेला चेहरा त्याने लग्नापासून पाहिला नव्हता. तिने थांब्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, मग घाईघाईने साऱ्या रस्त्यावरून नजर फिरवली. ती नजर त्याच्यावरूनही गेली आणि थांबली नाही.

मग परत आली.

"तुम्ही होय," ती म्हणाली.

"हो," हातातल्या कापडाची घडी घालत तो म्हणाला. "मीच."