गरम इंजिनावरचा काटा

मोशी मागं टाकून गाडीनं इंद्रायणीचा पूल ओलांडला, पुढं ट्रकांची रांग लागली म्हणून वर्षालीनं वेग कमी केला, आणि तेवढ्यात समोर ऑइलचा लाल दिवा लागला. गेले काही दिवस हा दिवा सिग्नलला थांबलं की मधूनच डोळा मारायचा आणि रेस दिली की विझायचा. एका गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलूनही दिला होता. आज रेस दिली तरी तो हटेना. वर्षालीनं इंडिकेटर टाकला, गाडी चिंबळी फाट्याच्या अलीकडं कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

गाडीत चाकणला पहिल्या शिफ्टला निघालेल्या चार बायका होत्या. थेरगाव-काळेवाडीतून त्यांना घ्यायचं, कंपन्यांच्या गेटवर सोडायचं आणि शिफ्ट सुटली की परत आणायचं, हा वर्षालीचा धंदा. पुढच्या सीटवर सोजराबाई बसली होती. मूळची बीडकडची, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची.

"काहून थांबलीस?" तिनं विचारलं. "चाकण तर आलंच की."

"ऑइलचं प्रेशर गेलंय, काकू. असंच चालवलं तर इंजिन जाम होईल."

"चांगली चालायली की गाडी! दिवा काय, आमच्या मिक्सरला बी लागतो."

"चालतीय तोवरच थांबायचं असतं," वर्षाली म्हणाली आणि बॉनेट उघडलं.

ऑइलची पट्टी काढून पुसली, परत घालून बघितली. ऑइल पुरेपूर होतं. खाली गळतीही नव्हती. म्हणजे ऑइल होतं, पण जिथं पोचायला हवं तिथं पोचत नव्हतं. तिनं मागून येणारी एका ओळखीच्या ड्रायव्हरची व्हॅन थांबवली आणि बायकांना तीत दाटीवाटीनं बसवून दिलं. सोजराबाई सगळ्यांत शेवटी चढली. तिचा हजेरीचा पंच चुकणार होता, आणि मान वळवून बसायची तिची तऱ्हाच सांगत होती, की उद्यापासून दुसरी गाडी.

गाडी टोचन लावून काळेवाडीला अर्जुनरावांच्या गॅरेजात आणेपर्यंत ऊन चढलं होतं. बघते तर तिचे सासरे हिंदुराव तिच्या आधीच स्टुलावर बसलेले. थेरगावच्या जुन्या घरातला माणूस, डोक्याला टोपी, पायात करकरीत वहाणा. नवरा रविराज कंपनीत ड्यूटीवर होता, त्यानंच फोनवरून कळवलं असणार.

"झालं न्हवं?" हिंदुराव म्हणाले. "म्या भंगारवाल्याला सांगितलंय. दुपारच्याला येतोय. थकला बैल, आता इकायचा."

"मामा, बैल लंगडला तर आधी खूर बघता का बाजार?"

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. "शब्द दिलाय म्या त्येला."

"मग येऊ दे त्याला. तोवर आपण बघून घेऊ."

गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढं धावली होती, हे वर्षालीला ठाऊक होतं. पण लग्नाआधी ती एका सुट्या भागांच्या कंपनीत तपासणीला होती. मोजल्याशिवाय माल पास करायचा नाही आणि मोजल्याशिवाय नापासही करायचा नाही, ही तिथली सवय तिच्या अंगात मुरली होती. आत्तापर्यंत ह्या गाडीबद्दल जो तो बोलला होता; मोजलं कुणीच नव्हतं.

"अर्जुनराव, प्रेशरचा गेज आहे ना तुमच्याकडं?"

"आहे की वहिनी. पण रोज कोण लावतंय? लोकांना दिवा विझवून पाहिजे असतो." अर्जुनरावांनी कपाटातून घड्याळासारखा गोल गेज काढला. सेन्सर खोलून त्याच्या जागी नळी बसवली. "आता हा दिव्यासारखा खोटं बोलणार नाही."

इंजिन सुरू केलं. काटा झटक्यात वर गेला आणि स्थिर राहिला.

"ठीक आहे की!" अर्जुनराव म्हणाले. "नवा सेन्सरच बोगस असेल."

"गार आहे अजून. गार ऑइल घट्ट असतं. तापू द्या. मला दिवा दिसला तो मोशीच्या पुढं, घराच्या दारात नाही."

मग तिघंही त्या काट्याकडं बघत बसले. चहा आला, गेला. इंजिन तापलं, पंखा फिरायला लागला, तसा काटा हळूहळू खाली सरकू लागला आणि जवळजवळ तळाला टेकला. सेन्सर बिचारा खरं बोलत होता.

अर्जुनरावांनी मान हलवली. "बेअरिंगं झिजली, वहिनी. सगळं इंजिन खोलावं लागेल. एवढ्या चाललेल्या गाडीत तेच असतं."

"म्या काय म्हणत हुतो?" हिंदुराव उठायलाच लागले.

 पण वर्षालीनं गाडीत वाकून हातानंच पेडल दाबलं, रेस दिली. काटा वर चढला. तिनं रेस तशीच धरून ठेवली. काटा थरथरला आणि इंजिन घुमत असतानाच खाली यायला लागला.

"थांबा वहिनी, सोडा!" अर्जुनराव पुढं झाले. "थोडं दम खाऊन परत द्या बरं."

तिनं परत दिली. परत तेच. वर चढला, थरथरला, घसरला. अर्जुनरावांनी लगेच हातानं खूण करून इंजिन बंद करायला लावलं. त्यांचा चेहरा बदलला होता.

"नुसती बेअरिंगं गेली असती तर रेसला प्रेशर वाढलं असतं आणि टिकलं असतं," वर्षाली म्हणाली. "हे उलटं होतंय."

"पंपाला ऑइल पुरत नाही. खालून ओढायलाच मिळत नाही त्याला." अर्जुनराव स्वतःशीच हसले. "बेअरिंगांचं मी घाईत बोललो."

हिंदुराव दोघांच्या तोंडाकडं बघत होते. "मला कळंल आसं बोला की."

"मामा, आपल्या विहिरीवर इंजिन होतं ना? विहिरीत पाणी भरपूर, इंजिनही चांगलं, पण पाटात पाणी येत नाही. काय झालेलं असायचं?"

"पायपाच्या बुडाला फुटवालात पाला आडाकला आसंल," हिंदुराव चटकन म्हणाले. "इंजान जितकं जोरात पळवावं, तितका पाला जाळीला चिकटतोय. मग उतरायचं हिरीत." आणि ते बॉनेटखाली वाकले. मग हळूच म्हणाले, "हितं बी जाळी हाय व्हय?"

"आहे. तळाला. पंप तिच्यातूनच ऑइल ओढतो."

"मग उतरा की राव. बसलाय काय?"

ऑइल काढून इंजिनाचा तळ, म्हणजे चेंबर, खाली उतरवला. अर्जुनरावांनी बॅटरीचा झोत मारला आणि वर्षालीला जवळ बोलावलं. जाळीवर काळा चिखल साचला होता आणि त्या चिखलात लाल रबरासारखे धागे गुरफटून बसले होते. वर्षालीनं एक धागा चिमटीत धरून ओढला. तो ताणला, पण तुटला नाही. मागं कधीतरी बाहेरगावी चेंबरची गळती बंद करून घेतली होती, तेव्हा कुणीतरी हात सैल सोडून सिलिकॉनची पेस्ट लावली होती. जास्तीची पेस्ट आत सुटून जाळीवर येऊन बसली होती.

"सापडलं," ती म्हणाली. एवढा एकच शब्द, पण सकाळपासून आवळलेले तिचे खांदे सैल झाले.

अर्जुनराव मात्र थांबले नाहीत. उपाशी चाललेल्या इंजिनाची बेअरिंगं बघितल्याशिवाय ते बंद करायचं नाही, ह्यावर दोघांचंही एकमत होतं. त्यांनी खालूनच एक बेअरिंग उतरवून उजेडात धरलं. त्यावर पुसट ओरखडे होते, पण वरचा थर शाबूत होता.

"नवी टाकू, काम भागेल. पण आबा, ही बघा," अर्जुनराव हिंदुरावांकडं वळले, "वहिनींनी आज चाकणपर्यंत रेटली असती ना, तर ह्याची पार भुकटी झाली असती. मग तुमचा भंगारवालाच बरा होता. जागच्या जागी बंद केली म्हणून वाचली."

हिंदुरावांनी बेअरिंग हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. "आन् गाडीत बाया ओरडत आसतील."

"सोजराबाई तर खाऊ की गिळू करत होत्या," वर्षाली म्हणाली.

"तरी बंद केलीस."

"केली."

म्हाताऱ्यानं बेअरिंग पुसून अर्जुनरावांना परत दिलं. मग म्हणाला, "गाडीचं काय न्हाई गं पोरी. तू यकली त्या हायवेला आडकून पडशील, ह्याचं भ्या वाटायचं मला. म्हनून इकायचा घोशा लावला हुता." त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला. "आरं, हिंदुराव बोलतोय. गाडी इकायची न्हाई. व्हय, शब्द माझाच हुता, म्याच मोडतोय. रागवायचं आसंल तर हितं येऊन रागव. चा पाजतो."

भंगारवाला आला, चहा प्याला आणि दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता घेऊन गेला.

जाळी धुऊन, चेंबर खरवडून, नवी बेअरिंगं आणि नवं ऑइल घालून गाडी शनिवारी उभी राहिली. गेज लावून परत तापवली. काटा तापल्यावर थोडा उतरला, जितका उतरावा तितकाच, आणि रेस धरून ठेवली तरी जागचा हलला नाही. सोजराबाईनं खरंच दुसरी गाडी लावली होती. पण शनिवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. तिची भाची सोमवारपासून चाकणला कामाला लागणार होती. "तिला तुझ्याच गाडीत बसव," ती म्हणाली, "माझे ह्या महिन्याचे पैसे तिकडं भरलेत, महिना सरला की मी बी बघते." वर्षाली फोन ठेवून मनापासून हसली.

रविवारी ती गाडी रिकामीच चाकणपर्यंत नेऊन बघणार होती. निघताना हिंदुराव धुतलेली टोपी घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, चिंबळी फाटा गेला. समोर एकही दिवा लागला नाही.

"पळीव की जरा," हिंदुराव म्हणाले. तिनं पळवली. मग ते डॅशबोर्डवर वाकले आणि बोट टेकवून विचारू लागले, "चावी फिरवली तवा हितं पिवळा लागला हुता, त्यो कशाचा? आन् ह्यो त्याच्या शेजारचा?"

वर्षाली एकेक सांगत गेली.