दुसरी कडी

जावयानं आणलेल्या नव्या अँपचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचं, बटण दाबून तिचा नवरा सरळ स्वयंपाकघरात चहा प्यायला निघाला.

"बाबा, कुठं चाललात?" जावयानं विचारलं.

"तापू दे की त्याला जरा."

"हा तापत नाही. लगेच वाजतो."

"तापत नाही? मग वाजतो कशावर, पाण्यावर?"

तिला हसू आलं. नवऱ्याचा काय दोष? सगळा जन्म मामंजींबरोबर गेला होता. मामंजी म्हणजे त्याचा जुना गिटारचा अँप. नाव तिनंच ठेवलेलं. आत काचेच्या ट्यूबा. त्या तापल्याशिवाय तोंडातून शब्द निघायचा नाही, घाई केली की गुरगुर, आणि बूड एवढं जड की 'जरा सरकता का' म्हणायची सोय नाही. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या होत्या, एक त्याची, एक तिची. लग्नाचे हॉल, क्लब, कारखान्यांचे समारंभ, जिथं त्यानं वाजवलं तिथं ती दुसरी कडी धरून गेली आणि पडद्याआड खुर्ची टाकून सगळी गाणी ऐकत बसली. कुणी विचारायचं, "तुम्ही गाता का?" ती सांगायची, "छे, मी उचलते."

परवा मामंजींना कोपऱ्यातून नुसतं पुढं ओढताना नवऱ्याच्या कंबरेत उसण भरली. डॉक्टर म्हणाले, पेटी ठेवा नाहीतर कंबर. म्हणून जावई हे नवं घेऊन आला होता.

"ह्याला मॉडेलिंग म्हणतात, बाबा. आत कॉम्प्युटर आहे. जुन्या अँपचे आवाज हुबेहूब काढतो."

"म्हणजे नकलाकार. नकलाकाराला घरात घ्यायचं आणि थोरल्या माणसाला घालवायचं?"

"डोळे मिटून ऐकलंत तर ओळखणार नाही तुम्ही."

"मी कशाला? ही ओळखेल. हिनं फरक आहे म्हटलं तर मामंजी राहतील. मी कंबर बदलून घेईन."

तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मागं नवरा वाजवू लागला आणि जावई वायर बदलू लागला.

पहिल्यांदा तार हळू छेडली तेव्हा आवाज स्वच्छ आला. जोरात छेडली तेव्हा बोलता बोलता मोठ्या माणसाचा घसा दाटावा तसा चिरकला. वायर बदलून दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हाही तसंच. पण दर वेळी मोजून तेवढाच, तसाच. मामंजी आयुष्यात दोनदा सारखे खाकरले नव्हते. तिनं लगेच ओळखलं.

फरक आहे म्हटलं की पेटी राहणार आणि तिची कडीही राहणार. नाही म्हटलं तर तो एका हातात डबा उचलावा तसा हा अँप उचलून जाणार. मग उचलणाऱ्या बाईचं तिथं काय काम?

मागं नवऱ्यानं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. 'आई गं' ओठांतच दाबलेलं तिला ऐकू आलं.

"मला बाई दोन्ही सारखेच वाटले," ती म्हणाली.

नवरा खट्टू झाला. "मग एवढी वर्षं ऐकत काय होतीस?"

"गाणी ऐकत होते. पेटी कोण ऐकतं?"

शनिवारी कार्यक्रम होता. नवरा गिटार पाठीला लावून, नकलाकाराला एका हातात घेऊन निघाला. ती दारात उभी राहिली.

"नीट जा. वाकू नका."

तो चार पायऱ्या उतरला आणि थांबला.

"अगं, चप्पल घाल ना. उशीर होतोय."

"आता मी कशाला? हलका आहे की."

"हलका आहे गं. पण 'हळू, भिंतीला लागेल' असं कुणी ओरडलं नाही तर मला जिना उतरता येत नाही."

"काहीतरीच," म्हणत तिनं चपलेत पाय घातले.

दोघं खाली निघाली. तो भिंतीकडून, ती कठड्याकडून. दोघंही तिरकी, एकेक पायरी जपून, आणि मधे एका मोठ्या पेटीएवढी जागा सोडून.