अडीच इंचांचं भोक

“मोठे काका, हा कुठे ठेवू?”

पुतणी दारात उभी होती. चादरीत गुंडाळलेला स्पीकर तिनं पोटाशी धरला होता आणि दोन जिने चढून तिला धाप लागली होती. मी कपाटाच्या उजव्या बाजूला बोट दाखवलं. ती जागा एकोणीस वर्षं मोकळीच होती.

“बाबांच्या वस्तू आवरतेय,” ती म्हणाली. “आई म्हणाली, हा तुमच्या जोडीतला. तुमच्याकडेच जायला हवा.”

जोडी कसली! आम्ही भावांनी स्पीकरच्या दुकानाची वाटणी केली, तेव्हा रंधे-करवती माझ्याकडे आल्या, सोल्डरिंगचं सामान धाकट्याकडे, बारक्याकडे गेलं आणि शेवटी हे दोन स्पीकर उरले. दोघांनी मिळून बनवलेली आमची पहिली जोडी, विकायची नाही म्हणून ठेवलेली. एकानं मोठ्या मनानं दोन्ही दुसऱ्याला द्यावेत, एवढी अक्कल आमच्या खानदानात नव्हती. डावा मी घेतला, उजवा त्यानं. एका चपलेनं चालायचा हट्ट दोघांनीही धरला.

भांडण कशावरून झालं ते ऐकलं की लोक हसतात. भोकावरून. स्पीकरचा कागद जशी पुढे हवा ढकलतो, तशी मागेही ढकलतो. मागचा आवाज पुढच्याला मारू नये म्हणून आम्ही पेटी सगळीकडून बंद करायचो, आत कापूस भरायचो. पेट्या माझ्या, आतलं वायरिंग बारक्याचं. त्याचं म्हणणं असं, की समोर भोक पाडून त्यात बेताच्या लांबीचा पाइप बसवला, तर तोच मागचा आवाज कामाला येतो आणि खर्ज खालपर्यंत उतरतो.

“दादा, निम्मा आवाज आपण आत कोंडून मारतोय रे,” तो म्हणायचा.

“माझ्या पेटीला भोक पडणार नाही. नुसती घुमेल ती रिकाम्या पिंपासारखी.”

बोलता बोलता आवाज चढले. भोक राहिलं बाजूला आणि कोण कुणाच्या जिवावर दुकान चालवतो ते निघालं. “तुझ्यावाचून माझं काही अडत नाही,” हे वाक्य मी बोललो, त्यानं नाही. निदान एवढं तरी मी कबूल केलं पाहिजे.

तेव्हापासून मी एकाच स्पीकरवर ऐकत आलो. आमच्या आवडीची एक रेकॉर्ड होती, दोघांचं गाणं. तो डावीकडून विचारतो, ती उजवीकडून उत्तर देते. माझ्या घरात एकोणीस वर्षं तो नुसताच विचारत होता. उत्तराच्या जागी शेजारच्या घरातून आल्यासारखं काहीतरी पुसट ऐकू यायचं. बायको म्हणायची, “अहो, दोन्ही बाजू एकत्र करायचं बटण आहे ना त्याला? दाबा की. तो बिचारा किती दिवस एकटाच बडबडणार?” मी दाबलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणायचो. तत्त्व कुठलं आलंय! ती बाजू मी बारक्यासाठी राखून ठेवली होती आणि हे माझं मला कळायलाही फार वर्षं गेली.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी, बायको माहेरी गेलेली असताना, मी चोरासारखं माझ्या पेटीला भोक पाडलं. अडीच इंचांचं, बारक्या सांगायचा तेवढंच. मग पाइप लावायचा, ऐकायचं, काढून अर्धा इंच कापायचा, पुन्हा ऐकायचं. सहा इंचांवर आलो आणि कधी न ऐकलेले खालचे सूर खोलीत उतरले. मी एकटाच रडत बसलो. त्याचं खरं होतं. त्याच मापाचा दुसरा पाइप कापून मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ठरवलं, जाऊन सांगायचं. सांगायचं तरी किती, तीन शब्द. ‘तुझं खरं होतं.’

लग्नाकार्यात गाठ पडायची. “बरा आहेस ना, दादा?” तो विचारायचा. “चाललंय,” मी म्हणायचो. अकरा वर्षं ते तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत, आणि चार महिन्यांपूर्वी बारक्या गेला.

“अय्या, तुमच्या पेटीला भोक आहे!” पुतणीचं माझ्या स्पीकरकडे लक्ष गेलं.

“त्याच्याही असेलच.”

“कुठे? नाही.”

तिनं चादर सोडली. मी पुढचं कापड अलगद उपसलं. आत माझं प्लायवूड जसंच्या तसं होतं. खालच्या अंगाला कंपासनं काढलेलं एक वर्तुळ होतं. पट्टी न लावताच मला त्याचं माप कळलं. वर्तुळाच्या आत, वरच्या बाजूला बारक्याच्या तिरक्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘दादाला विचारणे’.

“हे कधीचं?”

“मला कळायला लागल्यापासून आहे. बाबा म्हणायचे, पेटी दादानं केलीय, त्याला विचारल्याशिवाय करवत लावायची नाही. सुट्टी आली की शर्ट घालून तयार. आज जातो दादाकडे, म्हणायचे. मग काहीतरी काम निघायचं.” ती थांबली. “विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?”

मी जमिनीवर बसलो होतो. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या अक्षरासमोर जमेना.

“पहिली आठ वर्षं नाही म्हणालो असतो. नंतरची अकरा, तो जिन्यात असतानाच हो म्हणालो असतो.”

बायको चहाचे कप घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

“मला एकदा दोन्ही ऐकायचेत, काका,” पुतणी म्हणाली. “आमच्याकडे गाण्यातली बाई तेवढी ऐकू यायची. ती कुणाला उत्तर देते ते मला नीट माहीतच नाही.”

“असे लावून उपयोग नाही. एकाला भोक, एक बंद. एक खाली उतरणार, दुसरा वरच राहणार. दोन्ही सारखे करावे लागतील.”

“मग तुमचं बुजवा,” बायको लगेच म्हणाली. “त्यांचं अक्षर कशाला कापता?”

बरोबर होतं तिचं. एक लाकडी चकती आणि थोडा डिंक, अर्ध्या तासाचं काम. अक्षर जागेवर राहिलं असतं आणि मी जिंकल्यासारखाही झालो असतो. मी त्या दोन शब्दांकडे पाहत राहिलो. पण त्यानं ते जपून ठेवायला लिहिले नव्हते. उत्तर हवं म्हणून लिहिले होते.

मी कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच वर्तुळात, खालच्या बाजूला लिहिलं, ‘पाड’. चाळीस वर्षं लाकडावर रेघा मारणारा माझा हात, पण दोन अक्षरं वाकडी आली.

मग आतला स्पीकर सोडवून बाजूला ठेवला, ड्रिलला गोल करवत लावली. पुतणीनं दोन्ही हातांनी पेटी दाबून धरली. मी त्याच्या रेघेवरूनच कापलं, केसभरही इकडेतिकडे नाही. ड्रॉवरमधला पाइप आणला. तो बसला.

दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले, कानाच्या उंचीवर ठेवले आणि समोर नेमक्या मध्यावर खुर्ची मांडली. खरा आवाज तेवढ्या एकाच जागी जुळतो. तिथे पुतणीला बसवलं. मी दाराशी उभा राहिलो.

त्यानं डावीकडून विचारलं. पुतणीची मान नकळत तिकडे वळली. “केवढं हळू विचारतो हो हा,” ती पुटपुटली. मग उजवीकडून ती. गायच्या आधी तिनं घेतलेला लहानसा श्वाससुद्धा खोलीत आला. दोघांच्या खाली खर्ज असा पसरला, की पायाखालच्या फरशीला कळला. बारक्या, किती बरोबर होतं रे तुझं. मी मोठ्यानं म्हणालो, “तुझं खरं होतं.” पुतणीनं वळून पाहिलं नाही. तिचे डोळे वाहत होते. चहाचे कप तसेच राहिले.

निघताना ती म्हणाली, “येत जाईन मी ऐकायला.”

“कशाला? दोन्ही घेऊन जा.”

“काका, अहो, तुम्हाला काय राहील मग?”

“एकदा फोडली तेवढं पुरे झालं. आता जोडीनंच राहू देत. आणि ते दोन्ही बाजू एक करायचं बटण कधी दाबू नकोस.”

उजवा तिनं उचलला, डावा मी. गुडघे कुरकुरत होते, तरी दोन्ही जिने उतरलो. रिक्षात दोन्ही शेजारी ठेवून मध्ये चादर कोंबली, घासू नयेत म्हणून. रिक्षा वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

वर आलो तर बायको केरसुणी घेऊन वाकली होती. “थांब,” मी म्हणालो. भुशात बारक्याच्या पेटीतून निघालेली चकती पडली होती. मधोमध ड्रिलचं बारीक भोक, वर त्याचं अक्षर, खाली माझं. मी ती फुंकून साफ केली, शर्टाच्या खिशात टाकली आणि बायकोच्या हातातली केरसुणी घेऊन स्वतः भुसा गोळा करायला लागलो.