पहारेकऱ्याचा आवाज

आमच्या वर्गाने ते पुस्तक चाटूनपुसून संपवलं होतं आणि मधल्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. भिंतीआडचं एक शहर. तिथे सोळावं सरलं की प्रत्येकाने घरातलं एकच माणूस निवडायचं. राहायचं फक्त त्याच्यासोबत, बाकीचे रस्त्यात समोर आले तरी ओळख द्यायची नाही. नायिकेला आई आहे, आजोबा आहेत, धाकटा भाऊ आहे. ती कुणाला निवडते हे मला सोडून अख्ख्या शाळेला माहीत होतं.

माझं अजून अर्धंच झालं होतं. कुणी विषय काढला की मी कानात बोटं घालून धूम ठोकायचे. मुलींनी माझं नाव 'बहिरी' ठेवलं आणि मी डबा घेऊन प्रयोगशाळेच्या पायरीवर बसायला लागले. नेमका याच वर्षी मला कंठ फुटला होता, बघा. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही माझी जीभ टाळूला चिकटायची. आता सकाळी सगळ्या शाळेसमोर बातम्या मी वाचते. बाई म्हणतात, हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. जातोच. फक्त डबा खाताना तो ऐकायला कुणी नसतं.

तरी मी हटले नाही, कारण नियम आमचा होता, माझा आणि ताईचा. आम्ही दोघी लहानपणापासून एकच पुस्तक मिळून, मोठ्याने वाचतो. पात्रं वाटून घ्यायची, प्रत्येकाचा आवाज ठरवायचा आणि पुढचं पान एकटीने उलटायचं नाही. या पुस्तकात नायिका, भाऊ आणि मधलं सगळं वर्णन माझ्याकडे होतं. आई, आजोबा आणि भिंतीवरचा पहारेकरी ताईकडे. पहारेकऱ्याला तिने आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा आवाज दिला होता, नाकातला, खेकसणारा. कुणी झाडांना पाणी घातलं तरी काका खेकसतात.

मग ताई नर्सिंगला गेली. आमचं पुस्तक माझ्याकडे राहिलं, तिला वसतिगृहाच्या वाचनालयात दुसरी प्रत मिळाली. दर रविवारी दुपारी ती गच्चीवर जाऊन फोन लावायची, कारण खोलीत रेंज नव्हती. मी आमच्या खोलीत दार लावून बसायचे. तिच्या पलंगावर आधी नुसती चादर होती. मग आईने एकदा वाळलेले कपडे ठेवले, मग इस्त्रीचे, मग बाबांची बॅग. आता तो पलंग आहे हे सांगावं लागतं.

त्या रविवारी नायिका भावाला पाठीवर घेऊन भिंतीपाशी पोचते. मी मस्त धापा टाकत वाचत होते. पहारेकरी कंदील वर धरतो आणि म्हणतो, "कोण आहे तिकडे? मागे फिर."

ताईने ते वाचलं आणि मी थांबले.

ती खेकसली नव्हती. अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाली होती. तोवरच्या पुस्तकात त्या माणसाने एकही बरी गोष्ट केलेली नव्हती.

"वाच ना पुढे," ताई म्हणाली.

"तो चांगला निघतो का गं?"

पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

"तू पुढे वाचलंयस."

"बुटके, ऐक तरी," ती म्हणाली. मग म्हणाली की तिकडे पहिल्या आठवड्यात तिला झोपच लागत नव्हती. वॉर्डात पलंगाची चादर नीट खोचता येत नाही म्हणून सिस्टर सगळ्यांदेखत बोलायच्या, खोलीत येऊन ती नुसती छताकडे बघायची. तेव्हा खोलीतल्या मुलीने हे पुस्तक बघितलं आणि म्हणाली, चल, वाचू या.

"मोठ्याने?"

"हो."

"नायिका कोण झालं?"

"ती," ताई म्हणाली. "पण तिला जमत नाही गं तुझ्यासारखं."

मी फोन ठेवला. आदळला नाही, ठेवला. मग राहिलेलं पुस्तक एका बैठकीत वाचून काढलं. मोठ्याने वाचायला गेले, पण आजोबा बोलायला लागले तसा माझा मलाच अडथळा व्हायला लागला, म्हणून मनात वाचलं. मनातल्या मनात फार भराभर होतं. पहारेकरी खरंच चांगला निघतो. नायिका कुणाला निवडते तेही कळलं, आणि कळल्यावर ते सांगायला धावत जावं असं घरात कुणी नव्हतं.

सोमवारी मी डबा घेऊन थेट मुलींच्या घोळक्यात गेले. कानातली बोटं काढली होती. त्या सहलीच्या बसमध्ये कुणाशेजारी कोण बसणार यावर भांडत होत्या. मी पुस्तकाचा विषय काढला, तर एकीने "अगं बहिरे, ते कधीचं झालं" म्हटलं आणि सरकून मला जागा दिली. मी बसले, जेवले. भांडणात मला कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ताईचा फोन आला. आईला वाटलं आमचं वाचन, म्हणून तिने दार ओढून घेतलं.

"संपवलंस?" ताईने विचारलं.

"हो."

"रडलीस?"

"जराशी. तू?"

"खूप. ती मुलगी घाबरलीच."

मी हसले. तीही हसली. मग आमच्याकडे वाचायला काही नव्हतं. मी तिला शाळेतल्या बातम्यांचं सांगितलं, तिने चादरीचे कोपरे आता जमतात म्हणून सांगितलं. आवाज न बदलता बोलायची आम्हाला सवयच नव्हती. दोघी एकदमच बोलायला लागायचो आणि एकदमच थांबायचो.

"पुढच्या रविवारी फोन करू ना?" तिने विचारलं.

"कर," मी म्हटलं. "नवीन पुस्तक मात्र इतक्यात नको."

"नको," ती म्हणाली. फोन मात्र तिनेही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. गच्चीवरचा वारा बराच वेळ ऐकू येत राहिला.